पत्नीचा कामाचा दौरा, नऊ महिन्यांची लेक आणि टोकियोचे निशी-कासाई

सिंहगडपायथा (धागाकर्ता), २० ऑक्टोबर

नमस्कार. पत्नीच्या कंपनीने तिला सहा आठवड्यांसाठी टोकियोला पाठवले आहे. लेक नऊ महिन्यांची असून अजून अंगावर पिते, त्यामुळे तिला आजी-आजोबांकडे ठेवून येण्याचा विचार आम्ही केलाच नाही. मी बिनपगारी रजा काढली आणि गेल्या गुरुवारी आम्ही तिघेही पुण्याहून इथे पोहोचलो. पत्नीचे कार्यालय ओतेमाची या मध्यवर्ती भागात आहे. राहायला मात्र शहराच्या पूर्वेला, एदोगावा वॉर्डातल्या निशी-कासाई या उपनगरात महिन्याच्या भाड्याची एक खोली घेतली आहे. ती सकाळी पावणेआठला तोझाई या भुयारी रेल्वेमार्गाची गाडी पकडते आणि रात्री आठच्या सुमारास परतते. मधले बारा तास मी आणि लेक असे दोघेच असतो.

पहिले चार दिवस वेळेच्या फरकातच गेले. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. ऐकायला हा फरक थोडा वाटतो, पण पुण्यात रात्री नऊला झोपणारी लेक इथल्या घड्याळाप्रमाणे साडेबारापर्यंत टक्क जागी असते आणि सकाळी साडेदहाला उठते. इमारतीच्या भिंती पातळ आहेत, पलीकडे कोण राहते हे ठाऊक नाही, आणि मध्यरात्री ती रडू लागली की आवाज कुठवर जात असेल या विचाराने जीव कासावीस होतो.

बाहेर पडायचे धाडस काल, सोमवारी केले. नकाशात पंधरा मिनिटांच्या अंतरावर ग्योसेन पार्क आणि त्यात वॉर्डाचे छोटे प्राणिसंग्रहालय दिसले, म्हणून बाबागाडी घेऊन निघालो. सोमवारी ते बंद असते हे दारावरची पाटी फोनने वाचून घेतल्यावर कळले. परतताना डायपर बदलण्याची वेळ आली. वाटेतल्या एका इमारतीत पुरुषांच्या स्वच्छतागृहात बाळाला आडवे करायला कुठेच जागा नव्हती. शेवटी रस्त्यालगतच्या बाकावर माझे जाकीट अंथरून काम उरकले. वारा गार होता आणि तेवढ्या दोन मिनिटांत तिचे पाय थंड पडले. ते पाय हातात धरून मी घरी येईपर्यंत स्वतःवर रागावलेला होतो.

इथे राहिलेल्या, किंवा अशा दौऱ्यात जोडीदाराबरोबर गेलेल्या मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे. दिवसा चालत जाण्यासारखे काय आहे, वडिलांनी बाळाचे डायपर कुठे बदलावे, तिला बाहेरचे काय देता येईल, आणि अनोळखी उपनगर बाळाच्या कलाने कसे समजून घ्यावे, हे मला जाणून घ्यायचे आहे.

एदोकाठ, २० ऑक्टोबर

स्वागत आहे. मी निशी-कासाईत अकरा वर्षांपासून राहते आणि माझी दोन्ही मुले इथल्याच पदपथांवर चालायला शिकली, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आधी भिंतींबद्दल. उद्याच शेजारच्या दोन्ही घरी आणि खालच्या मजल्यावर लेकीला कडेवर घेऊन जा, खाऊचा एखादा लहान पुडा द्या आणि ‘सहा आठवड्यांसाठी आलो आहोत, रात्री बाळाचा आवाज होईल, क्षमा असावी’ एवढे फोनवर भाषांतर करून दाखवा. नव्या जागी राहायला आले की शेजाऱ्यांना अशी छोटी भेट देण्याची इथे जुनी रीत आहे. ज्या बाळाचा चेहरा माणसाने पाहिलेला असतो, त्याच्या रडण्याचा त्रास कमी होतो.

डायपरसाठी पुरुषांच्या स्वच्छतागृहात जाऊच नका. स्थानकांत, मोठ्या दुकानांत आणि वॉर्डाच्या इमारतींत चाकाच्या खुर्चीचे चिन्ह असलेले एक प्रशस्त स्वच्छतागृह असते; ते स्त्री-पुरुष कोणालाही वापरता येते आणि त्यात बहुधा भिंतीला लावलेला घडीचा पाट असतो. दुसरी जागा म्हणजे मोठ्या दुकानांत लहान मुलांच्या कपड्यांच्या मजल्यावर असणारी ‘जुन्यूशित्सु’, म्हणजे बाळाला पाजण्याची खोली. तिथला पडद्याआडचा भाग फक्त आयांसाठी असतो, पण बाहेरच्या भागात डायपर बदलायचे टेबल, हात धुण्याचे बेसिन आणि दुधाची पावडर कालवण्यासाठी गरम पाण्याचा नळ असतो. तेवढ्या भागात वडिलांना सहसा आडकाठी नसते. तरी दारावरची चित्रे पाहूनच आत जा, कारण काही ठिकाणी पूर्ण खोलीच आयांसाठी राखलेली असते. वापरलेले डायपर मात्र घरी आणावे लागतील. रस्त्यावर कचराकुंड्या जवळजवळ नाहीतच, म्हणून तोंड बांधता येतील अशा जाड पिशव्या बाबागाडीत कायम ठेवा.

आता गावाबद्दल. तुमच्या खोलीपासून दक्षिणेला जी सपाट, सरळ रस्त्यांची वस्ती दिसते, ती साठ वर्षांपूर्वी समुद्र होती. कासाईचे लोक तिथे शिंपले वेचत आणि खाण्याच्या शेवाळाची, म्हणजे नोरीची, शेती करत. १९६०च्या दशकात त्यांनी मासेमारीचे हक्क सोडले, पुढे भराव पडला, १९७९ मध्ये निशी-कासाई स्थानक सुरू झाले आणि मोठाल्या गृहसंकुलांची रांग उभी राहिली. भरावाची जमीन असल्यामुळे चढउतार नाहीत आणि बाबागाडीला ही फार मोठी सोय आहे. पण हेही ध्यानात असू द्या की वॉर्डाची सुमारे सत्तर टक्के जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. २०१९ साली वॉर्डाने घरोघरी वाटलेल्या पूर-नकाशावर ‘इथे थांबून राहू नका’ असे स्पष्ट छापले होते. तुमच्या दिवसांत वादळांचा मोसम सरत आलेला असतो, त्यामुळे भिण्याचे कारण नाही. पण बाळ बरोबर असताना जवळचे आश्रयस्थान कोणती शाळा आहे हे पहिल्याच आठवड्यात पाहून ठेवावे, असे माझे ठाम मत आहे. भूकंपासाठीही ती माहिती उपयोगी पडेल.

आणि ही जागा आपल्याला पूर्ण परकी नाही. २०००च्या सुमारास संगणक अभियंते मोठ्या संख्येने जपानला आले तेव्हा इथून कार्यालयांच्या भागात थेट गाडी होती आणि सरकारी पाठबळाच्या गृहसंकुलांत जामीनदार लागत नव्हता, म्हणून त्यांनी इथे घरे घेतली. आज जपानमधली भारतीयांची सर्वांत मोठी वस्ती याच वॉर्डात आहे. मूळचे अंबरनाथचे योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये एदोगावा वॉर्डाच्या सभागृहावर निवडून आले. स्थानकाच्या परिसरातल्या भारतीय किराणा दुकानांत मुगाची डाळ, नाचणीचे पीठ, हिंग, तूप सगळे मिळते. भाव पाहून पहिल्यांदा दचकायला होईल, तरी बाळापुरते अवश्य घ्या.

आजीचीगोधडी, २१ ऑक्टोबर

बाळाच्या बाबांनी एवढे मनावर घेतले हे वाचून बरे वाटले. माझी लेकही परदेशात बाळंतपणानंतर नवऱ्याच्या दौऱ्यावर गेली होती, तेव्हा तिला मी एकच गोष्ट सांगितली होती. जागा बदलली, हवा बदलली, घड्याळ बदलले, तर निदान जेवण बदलू नये. सकाळी नाचणीचे सत्त्व, दुपारी तूप-हिंग घालून मुगाची खिमटी, सायंकाळी मऊ भात, जे घरी चालू होते तेच आणि त्याच क्रमाने चालू ठेवा. नवी चव एका आठवड्यात एकच द्या, म्हणजे पोट बिघडले तर कशाने बिघडले हे कळते. वाटीसुद्धा घरचीच नेली असेल तर उत्तम.

एदोकाठ, २१ ऑक्टोबर

आजी, अगदी खरे. त्यात एक भर घालते, कारण शाकाहारी घरांना हे ठाऊक नसते. इथे बाळांसाठी तयार अन्नाच्या पिशव्या सगळ्या औषधांच्या दुकानांत मिळतात आणि त्यांवर पाच, सात, नऊ, बारा असे महिने मोठ्या आकड्यांत छापलेले असतात. चित्रात फक्त गाजर, बटाटा आणि भात दिसतो, पण त्या बहुतेकांत ‘दाशी’ असते, म्हणजे वाळवलेल्या कात्सुओ माशाचे किंवा समुद्री शेवाळाचे पाणी. भाज्यांचे चित्र पाहून घेऊ नका. मागची घटकांची यादी फोनने वाचून मगच घ्या. बाहेर अडचण आली तर ‘ओकायु’, म्हणजे नुसत्या तांदळाची पेज, मिळते. तिच्या साध्या प्रकारात तांदूळ आणि पाणी याखेरीज काही नसते. आई दिवसभर बाहेर असल्यामुळे वरचे दूध देत असाल, तर पाणी सत्तर अंशांच्या खाली येऊ न देता पावडर कालवायची आणि मग बाटली नळाखाली धरून कोमट करायची, अशी इथली शिफारस आहे. २०१९पासून उघडून थेट पाजता येईल असे द्रवरूप दूधही इथे विकले जाते. महाग आहे, पण बाहेर असताना एक डबा जवळ असू द्यावा.

दूरदेशी, २३ ऑक्टोबर

मला या चर्चेत थोडा वेगळा सूर लावायचा आहे. पत्नीच्या नोकरीमुळे आम्ही तीन महिने सिंगापूरच्या जुराँग भागात होतो आणि बाळाच्या नावाखाली मी त्या एका वस्तीतच घुटमळत राहिलो. आज त्याची खंत वाटते. नऊ महिन्यांचे बाळ उचलून कुठेही नेता येते, ते गाडीत झोपते, त्याला अजून पळायचे नसते. एकदा चालायला लागले की प्रवास दसपटीने कठीण होतो. निशी-कासाईहून ओतेमाची वीस मिनिटांच्या आत येते. ओतेमाची स्थानकातून वर आले की काही पावलांवर राजवाड्याची पूर्वेकडची बाग आहे, तिथे प्रवेशशुल्क नाही, सोमवार आणि शुक्रवार वगळता ती उघडी असते. टोकियोत सहा आठवडे राहून माणसाने दोन चौकांत फेऱ्या माराव्यात हे मला पटत नाही.

एदोकाठ, २३ ऑक्टोबर

दूरदेशी, जायला हवेच, पण वेळ पाहून. कोरोनापूर्वी तोझाई मार्गावरची सकाळची गर्दी क्षमतेच्या जवळपास दुप्पट मोजली जात असे, आणि आजही आठ वाजता बाळाला घेऊन त्या डब्यात शिरण्याचा विचार करू नये. दहानंतर डबे मोकळे होतात. बाबागाडी मिटण्याचीही गरज नाही. २०१४ साली वाहतूक मंत्रालयाच्या पुढाकाराने तसा संकेत ठरला आणि डब्यांवर बाबागाडीचे चिन्ह लागले. निशी-कासाईला जलद गाड्या थांबत नाहीत, एवढे परतताना लक्षात ठेवा. चुकून जलद गाडीत बसलात तर थेट पुढे उरायासुला उतरून मागे यावे लागेल.

सिंहगडपायथा, ३० ऑक्टोबर

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण लिहिण्याआधी सगळे करून पाहायचे होते.

शेजाऱ्यांकडे गेलो. खालच्या मजल्यावर एक वयस्कर बाई एकट्या राहतात. त्यांनी खाऊचा पुडा दोन्ही हातांनी घेतला, फोनवरचे वाक्य चष्मा लावून सावकाश वाचले आणि लेकीच्या पायाला हलकेच बोट लावून काहीतरी विचारले. मला कळले नाही. त्यांनी मग बोटे मोजून दाखवली, तेव्हा उमगले की बाळ किती महिन्यांचे हे त्या विचारत होत्या. ‘क्यूकागेत्सु’, म्हणजे नऊ महिने, हा माझा पहिला जपानी शब्द झाला आणि गेल्या आठ दिवसांत तो मी किमान पन्नास वेळा उच्चारला असेल. बाबागाडी थांबली की कोणी ना कोणी तेवढेच विचारते, आणि तेवढ्यावरच बोलणे संपले तरी दोन्ही बाजूंना समाधान वाटते.

दूरदेशी, तुमच्या सांगण्यावरून बुधवारी राजवाड्याची बाग पाहिली. तिथले जुन्या किल्ल्याचे दगडी जोते पाहून मी थक्क झालो. इतके मोठे दगड एकमेकांत असे बसवलेले मी आपल्याकडच्या मोजक्या गडांवरच पाहिले आहेत. मात्र लेकीची सकाळची झोप मोडली, दुपारी ती काही केल्या जेवली नाही, आणि गाडीत परतताना एवढी रडली की मी मध्येच एका स्थानकावर उतरून बाकावर बसलो. दोष बागेचा नाही, तुमचाही नाही. पण तो दिवस माझा झाला, तिचा झाला नाही, असे मला प्रामाणिकपणे वाटते. म्हणून आता असे ठरवले आहे की आठवड्यातून एकदा, आणि शक्यतो शनिवारी तिघे मिळून, शहरात जायचे. बाकीचे दिवस एकच वाट, एकाच वेळी, पुन्हा पुन्हा.

ही वाट कशी आहे ते सांगतो. तिची झोप आता इथल्या घड्याळाला बरीच सरावली असून ती साडेआठला उठते. साडेनऊला आम्ही निघतो. नावाला भुयारी असलेली तोझाई मार्गाची गाडी आमच्याकडे उंच पुलावरून जाते. त्या पुलाखालून उत्तरेकडे निघाले की डाव्या हाताला सायकलींचा तळ लागतो. पुढे-मागे मुलांच्या बैठका लावलेल्या, विजेवर चालणाऱ्या सायकली तिथे शेकड्यांनी उभ्या असतात. त्यानंतरच्या चौकात रोज पावणेदहाच्या सुमारास जवळच्या पाळणाघराची ढकलगाडी भेटते. चार बाजूंनी कमरेएवढा कठडा असलेली, हातगाडीएवढी ही गाडी असते. आत पाच-सहा मुले एकाच रंगाच्या टोप्या घालून, कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभी असतात, आणि एक ताई ढकलते तर दुसरी रस्ता अडवून धरते. पहिल्या दिवशी लेकीने नुसते पाहिले. तिसऱ्या दिवशी ती गाडी वळणावर दिसताच हिने मूठ उघडझाप करायला सुरुवात केली, आणि काल गाडीतल्या एका मुलाने हात सोडून तसेच करून दाखवले. हे राजवाड्याच्या बागेत घडले नसते, कारण तिथे आम्ही दुसऱ्यांदा गेलोच नसतो.

दहाला प्राणिसंग्रहालय उघडते. प्रवेश विनामूल्य आहे. ते इतके लहान आहे की बाबागाडी ढकलत वीस मिनिटांत पूर्ण होते आणि बाळासाठी तेवढेच पुरेसे आहे. तांबडा पांडा, पेंग्विन, माकडे आहेत, पण तिचे लक्ष पाण्यात सूर मारणाऱ्या पेंग्विनवर खिळते. काचेवर तळहात ठेवून ती श्वास सोडते आणि उमटलेला दमट डाग पुसट होईपर्यंत बघत बसते. त्याच आवारात जपानी धाटणीची एक बाग आहे. तिथल्या तळ्याकाठी तिला मांडीवर घेऊन खिमटी भरवतो. डबा घरून गरम नेतो. तळ्यातले मासे पाण्यावर तोंड उघडतात आणि तीही त्यांच्याकडे पाहून तोंड उघडते, त्यामुळे जेवण लवकर होते. साडेअकराला परत फिरतो आणि पुलाखाली येईपर्यंत ती झोपलेली असते.

सोमवारी हे बंद असल्यामुळे त्या दिवशी पश्चिमेला आराकावा नदीच्या बांधावर जातो. टोकियोला पुरापासून वाचवण्यासाठी खणलेले हे पात्र १९३०मध्ये पूर्ण झाले, असे वाचले. आता पाहताना ती माणसाने खणलेली नदी आहे यावर विश्वास बसत नाही. तोझाई मार्गाची गाडी तिच्यावरून सव्वा किलोमीटर लांबीच्या लोखंडी पुलाने जाते. लेकीची आई रोज त्याच पुलावरून जाते, हे मी तिला प्रत्येक गाडी दिसली की सांगतो.

कृष्णाकाठ, ३० ऑक्टोबर

वाचताना डोळ्यांपुढे उभे राहिले. पावसाच्या दिवशी काय करता?

सिंहगडपायथा, ३१ ऑक्टोबर

एक स्थानक पुढे, कासाईला, रेल्वेच्या पुलाखालीच भुयारी रेल्वेचे संग्रहालय आहे. तिकीट नाममात्र आहे. १९२७ साली जपानची पहिली भुयारी गाडी धावली, तिचा पिवळा डबा तिथे प्रत्यक्ष ठेवला आहे आणि त्याच्या शेजारी दुसऱ्या मार्गाचा लाल डबा आहे. लेकीला लाल रंग खुणावतो. तेही सोमवारी बंद असते. तेव्हा सोमवारी पाऊस आला तर घरातच गोधडी अंथरून बसावे लागते.

समईचीवात, २ नोव्हेंबर

सकाळबद्दल सगळ्यांनी लिहिले आहे, मला सायंकाळबद्दल विचारायचे आहे. मी पतीच्या कामानिमित्त म्युनिकच्या एका उपनगरात सात महिन्यांच्या मुलाला घेऊन हिवाळ्याचे दोन महिने काढले. दिवस कसाही जात असे. चारनंतर अंधार पडू लागला की छातीवर दगड ठेवल्यासारखे होई. जोडीदार यायला अजून तीन तास असत, बाळ किरकिर करत असे, आणि दिवसभरात एकही पूर्ण वाक्य आपल्या भाषेत बोललेले नसे. हे मी तेव्हा कोणालाच सांगितले नाही, कारण परदेशात फिरायला मिळाले असताना तक्रार कशी करावी, असे वाटे. तुम्हाला तसे होत असेल तर इथे जरूर लिहा. मला शेवटी उपयोग झाला तो ठरलेल्या वेळेचा. अंधार पडायच्या आधी बाहेर एक फेरी, मग कोमट पाण्याने आंघोळ, आणि मग घरी फोन. जपानमध्ये साडेचार वाजतात तेव्हा पुण्यात दुपारचा एक असतो, म्हणजे आजी-आजोबा जेवून निवांत झालेले असतात. तुमच्यासाठी ही वेळ फार सोयीची आहे.

सिंहगडपायथा, ४ नोव्हेंबर

ताई, तुम्ही विचारलेत म्हणून लिहितो. होय, होते. इथे सूर्य आता पावणेपाचच्या आत मावळतो. सायंकाळी वस्तीतल्या खांबांवरच्या ध्वनिक्षेपकांतून एक संथ धून वाजते. आपत्तीच्या वेळी सूचना देण्यासाठी ही यंत्रणा आहे आणि ती चालू आहे ना याची रोजची खात्री म्हणून ती धून वाजवतात; मुलांनी आता घरी जावे, असा तिचा अर्थ सगळे समजतात. पहिल्या आठवड्यात ती ऐकली की घशाशी आवंढा येई. समोरच्या मैदानातली मुले भराभर सायकली उचलून आपापल्या घरी जात आणि मैदान रिकामे होई. त्या वेळी माझे घर कुठे आहे हा प्रश्न मला पडत असे.

तुमचे ऐकून तीन दिवस त्या धुनेच्या आधी बाहेर पडतो, मैदानातल्या वाळूच्या हौदाशी बसतो, धून वाजली की इतर मुलांबरोबर आम्हीही उठतो आणि घरी येऊन आईला फोन लावतो. आई फोनवरूनच ‘अडगुलं मडगुलं’ म्हणते आणि लेक पडद्यावर थापट्या मारते. फरक पडला आहे.

सिंहगडपायथा, ११ नोव्हेंबर

एक अनुभव पुढच्या लोकांसाठी नोंदवून ठेवतो. शुक्रवारी रात्री लेकीला ताप भरला, साडेअडतीसच्या वर गेला. जपानमध्ये मुलांच्या आजारासाठी रात्री सल्ला देणारी ‘हॅश ८०००’ ही दूरध्वनी सेवा आहे हे मला ठाऊक होते, पण विमानतळावर घेतलेल्या माझ्या सिमकार्डावर फक्त इंटरनेट होते, साधा फोन लागतच नव्हता. पत्नीच्या कंपनीच्या फोनवरून लावला. भाषेची अडचण आली, तरी पलीकडच्या परिचारिकेने सोप्या शब्दांत बाळ पिते का, लघवी होते का, डोळे उघडून पाहते का, एवढे विचारले आणि सकाळपर्यंत थांबायला सांगितले. सकाळी जवळच्या एका दवाखान्यात गेलो तर आगाऊ वेळ घेतलेली नाही म्हणून परत पाठवले. तापलेले बाळ कडेवर घेऊन दाराबाहेर उभे राहणे मला फार लागले. शेवटी एदोकाठ ताईंनी फोन करून दुसऱ्या ठिकाणी वेळ मिळवून दिली आणि स्वतः बरोबर आल्या. साधा विषाणूचा ताप होता, तीन दिवसांत उतरला. इथल्या मुलांना उपचारांसाठी मिळणारी सवलत आपल्यासारख्या अल्पकाळ आलेल्यांना नसते, पूर्ण पैसे भरावे लागतात. प्रवासविमा काढलेला होता म्हणून निभावले. ताई, तुमचे ऋण मी विसरणार नाही.

आजीचीगोधडी, ११ नोव्हेंबर

आता कशी आहे? तापानंतर दोन-चार दिवस बाळ खात नाही, तेव्हा बळजबरी करू नका. भाताची पेज, थोडे मीठ, थोडे तूप, आणि मांडी. एदोकाठ, तुमचे बाई खरोखर कौतुक.

दूरदेशी, १२ नोव्हेंबर

लेक बरी आहे हे वाचून हायसे वाटले. माझे मत मी बदललेले नाही, बाहेर जायलाच हवे. मात्र एक गोष्ट मान्य करतो. जुराँगमध्ये मी घुटमळलो खरा, पण त्या वस्तीतल्या एकाही माणसाचा चेहरा मला आज आठवत नाही. मी बाळाला झोपवण्यासाठी फेऱ्या मारत होतो आणि फोनमध्ये पाहत होतो. तुमच्या ढकलगाडीतल्या मुलासारखे काहीतरी तिथेही रोज माझ्या समोरून गेले असणार.

सिंहगडपायथा, २५ नोव्हेंबर

शनिवारी निघतो आहोत. ग्योसेन पार्ककडे जाणाऱ्या वाटेवर गिंको झाडांची पाने पूर्ण पिवळी झाली आहेत आणि पदपथावर त्यांचा खच पडतो. लेक काल पहिल्यांदा तळ्याकाठच्या कठड्याला धरून स्वतःहून उभी राहिली. जवळ बसलेल्या दोन आज्यांनी टाळ्या वाजवल्या आणि नेहमीचा प्रश्न विचारला. आता उत्तर बदलले आहे, ‘जुक्कागेत्सु’, दहा महिने. खालच्या मजल्यावरच्या बाईंना निरोप सांगायला गेलो तेव्हा त्यांनी लेकीसाठी विणलेले लोकरीचे मोजे दिले. ते तिला किंचित मोठे होतात.

कृष्णाकाठ, २६ नोव्हेंबर

योगायोग पाहा, माझ्या पतीला जानेवारीत याच भागात दोन महिन्यांसाठी जायचे आहे आणि आमचा मुलगा तेव्हा आठ महिन्यांचा असेल. आम्हाला काय सांगाल?

सिंहगडपायथा, २७ नोव्हेंबर

कृष्णाकाठ ताई, फोन करता येईल असे सिमकार्ड आणि विमा निघण्याआधीच पाहा. थंडी कोरडी असते, बाळाच्या गालांना घरून खोबरेल तेल न्या. जानेवारीत सकाळी हवा स्वच्छ असली की आराकावाच्या बांधावरून फुजी पर्वत दिसतो, असे एदोकाठ ताई सांगतात; आम्हाला तो एकदाच, तोही पुसट दिसला. पाळणाघराची ढकलगाडी पावणेदहाला चौकात येते, त्या वेळेला तिथे असा.

आमची बाबागाडी विमानाने परत नेत नाही. धुऊन, पावसाचे आवरण आणि मागच्या खिशात जाड पिशव्यांचे एक पाकीट घालून ती एदोकाठ ताईंकडे ठेवली आहे, ती तुम्ही घ्या. तिचा डाव्या चाकाचा ब्रेक पायाने जरा जोर देऊन दाबावा लागतो, आणि स्थानकाच्या लिफ्टमध्ये ती सरळ बसत नाही, तिरकी लावावी लागते.